वक्र शिवणीचे वाचन : ‘ड्रंकर्ड्स पाथ’ आणि क्विल्ट-समीक्षेची एक मर्यादा

प्रस्तावना

गेल्या अर्धशतकात अमेरिकन क्विल्ट हा केवळ हस्तकलेच्या प्रदर्शनांचा विषय राहिलेला नाही. कलासमीक्षा, स्त्रीवादी साहित्यविचार आणि सांस्कृतिक इतिहास या तिन्ही क्षेत्रांत त्याची चर्चा झाली आहे. ही चर्चा विपुल असली तरी तिच्यात एक उणीव सातत्याने जाणवते. क्विल्टकडे कधी चित्र म्हणून, कधी रूपक म्हणून, तर कधी सांकेतिक संदेश म्हणून पाहिले गेले; दोन तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या शिवणीकडे मात्र समीक्षेने क्वचितच लक्ष दिले. प्रस्तुत लेखात ‘ड्रंकर्ड्स पाथ’, म्हणजे मद्यप्याची वाट, या वक्र तुकड्यांच्या नमुन्याच्या आधारे ही उणीव स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. शिवण न वाचणारी समीक्षा वस्तूला प्रतिष्ठा देते, परंतु ती घडवणाऱ्या स्त्रीच्या ज्ञानाची नोंद तिच्याकडून होत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नमुन्याची रचना

क्विल्टचे सामान्यतः तीन थर असतात : वरचा शोभेचा थर, मधले भरण आणि खालचे अस्तर. वरचा थर लहान तुकडे जोडून तयार करणे (पीसिंग) आणि तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधणे (क्विल्टिंग) या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. तुकडे जोडून जो चौरस सिद्ध होतो त्यास ‘ब्लॉक’ म्हणतात. बहुसंख्य पारंपरिक ब्लॉक चौरस, त्रिकोण व पट्ट्या यांचे, म्हणजे सरळ शिवणीचे असतात. वक्र शिवणीचे नमुने तुलनेने थोडे असून ‘ड्रंकर्ड्स पाथ’ हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय.

त्याचा मूळ घटक अत्यंत साधा आहे. एका लहान चौरसाच्या कोपऱ्यात पाव वर्तुळ बसवलेले असते. पाव वर्तुळाचा तुकडा बहिर्वक्र आणि त्याला सामावून घेणारा उरलेला तुकडा अंतर्वक्र असतो. असे सोळा घटक चार रांगांत मांडले की एक ब्लॉक पूर्ण होतो. कापड बहुधा दोनच रंगांचे असते. निम्म्या घटकांत गडद रंगाचे पाव वर्तुळ फिक्या कापडात, तर निम्म्यांत फिक्या रंगाचे पाव वर्तुळ गडद कापडात बसते. घटक विशिष्ट दिशांनी फिरवून मांडल्यावर फुगवटे आणि खाचा यांची तिरकी, झोकांड्या खात जाणारी वाट डोळ्यांना दिसू लागते. हेच घटक वेगळ्या रीतीने फिरवले तर नमुन्याचे नावही बदलते. त्यांपैकी ‘रॉबिंग पीटर टू पे पॉल’ हे नाव आपल्याकडील ‘याची टोपी त्याला’ या वाक्प्रचाराच्या जवळचे आहे. एका रंगातून काढलेले पाव वर्तुळ दुसऱ्या रंगात जाते, या देवाणघेवाणीवर ते नाव आधारलेले आहे.

शिवणीतील अडचण

एका ब्लॉकमध्ये ३२ तुकडे आणि १६ वक्र शिवणी असतात. वीस ब्लॉकचा क्विल्ट धरला तर तुकडे ६४० आणि वक्र शिवणी ३२० होतात. परंतु प्रश्न केवळ संख्येचा नाही. समजा पाव वर्तुळाची त्रिज्या शिवणरेषेवर दोन इंच आहे. शिवणरेषेची लांबी सुमारे ३.१४ इंच भरेल. शिवणीसाठी पाव इंच मार्जिन सोडल्यामुळे बहिर्वक्र तुकड्याची कापलेली कड सव्वादोन इंच त्रिज्येची, म्हणजे सुमारे ३.५३ इंच लांब होते; अंतर्वक्र तुकड्याची कड पावणेदोन इंच त्रिज्येची, म्हणजे सुमारे २.७५ इंच होते. ज्या दोन कडा एकमेकींवर ठेवून शिवायच्या, त्यांच्यात पाऊण इंचाहून किंचित अधिक फरक पडतो. विशेष म्हणजे हा फरक त्रिज्येवर अवलंबून नाही. मार्जिन तेच ठेवले तर वक्र लहान असो वा मोठा, फरक तेवढाच राहतो. त्यामुळे वर्तुळ जितके लहान तितका तोच फरक कमी लांबीत सामावून घ्यावा लागतो आणि शिवण अधिक अवघड होते.

यात कापडाच्या विणीची भर पडते. पाव वर्तुळाच्या सरळ बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना धरून कापल्या, तर वक्राची दोन्ही टोके धाग्याच्या दिशेत राहतात. मध्यभाग मात्र पूर्णपणे तिरका, म्हणजे उरेब पडतो. उरेब कापड ताणले जाते. म्हणून अनुभवी शिवणारी प्रथम दोन्ही तुकड्यांचे मध्य जुळवून टाचणी लावते, मग दोन्ही टोके आणि त्यानंतर मधले अंतर. अंतर्वक्र कडेला कात्रीने बारीक काप दिले की ती उघडते आणि बहिर्वक्र कडेशी जुळते. काप शिवणरेषेपर्यंत पोहोचला तर कापड उसवते. फारच उथळ राहिला तर शिवणीत चुण्या येतात आणि ब्लॉकमध्ये झोल पडतो. हे अंतर बोटांनी जोखायचे असते. एका घटकात आलेला अल्पसा झोल सोळा घटकांत साचत जातो आणि अखेर ब्लॉक चौरस राहत नाही.

नावाचे वाचन

या नमुन्याविषयीचे लेखन पाहिले असता त्याचा भर प्रामुख्याने नावावर असल्याचे दिसते. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ या संघटनेच्या मद्यपानविरोधी चळवळीशी निळ्या-पांढऱ्या रंगांतील ‘ड्रंकर्ड्स पाथ’ क्विल्टचा संबंध जोडला जातो. दुसरे वाचन अधिक लोकप्रिय आणि अधिक वादग्रस्त आहे. जॅकलिन टोबिन आणि रेमंड डोबार्ड यांच्या ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ (१९९९) या पुस्तकात एका कृष्णवर्णीय क्विल्टकार स्त्रीच्या मौखिक कथनाच्या आधारे असे मांडले गेले की, दास्यातून पळून जाणाऱ्यांसाठी क्विल्टचे नमुने हा सांकेतिक संदेश होता आणि ‘ड्रंकर्ड्स पाथ’चा अर्थ सरळ न जाता वळणे घेत जा, असा होता. बार्बरा ब्रॅकमन यांच्यासारख्या क्विल्ट-इतिहासकारांनी हे मत स्वीकारलेले नाही. दास्यातून सुटलेल्यांच्या समकालीन कथनांत अशा संकेताचा आधार मिळत नाही, हा त्यांपैकी प्रमुख आक्षेप होय.

ऐतिहासिक वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही वाचनांची पद्धत एकच आहे. दोन्ही नावापासून सुरू होतात आणि नावापाशी थांबतात. प्रत्यक्षात नाव ठरते ते सर्व वक्र शिवणी पूर्ण होऊन घटकांची मांडणी करताना. म्हणजे नावावर आधारलेले वाचन निर्मितीच्या शेवटच्या टप्प्यावर उभे असते. त्याआधीचे जवळजवळ सर्व श्रम त्याच्या कक्षेबाहेर राहतात. सांकेतिक संदेशाच्या कथेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ज्या स्त्रियांची बुद्धी इतिहासाने नाकारली, त्यांना ती कथा बुद्धीचे श्रेय देते. परंतु ते श्रेय सिद्ध करण्यासाठी गुप्त संकेताची आवश्यकता नाही. पाऊण इंचाचा फरक चुणी न पडू देता मुरवणारी शिवण हा त्या बुद्धीचा अधिक भक्कम पुरावा आहे.

पृष्ठभागाचे वाचन

दुसरी प्रवृत्ती कलासमीक्षेतील आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी मांडलेल्या ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट डिझाइन इन अमेरिकन क्विल्ट्स’ या प्रदर्शनात क्विल्ट भिंतीवर चित्रांप्रमाणे टांगले गेले. त्यामुळे क्विल्टला कलेचा दर्जा मिळाला, हे या प्रदर्शनाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि तो दर्जा आधुनिक अमूर्त चित्रांशी असलेल्या साम्यावर आधारलेला होता. पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ मधील लेखात या दृष्टीचा परखड प्रतिवाद करून क्विल्ट ही स्त्रियांची स्वतःची कला असल्याचे मांडले. एलेन शोवॉल्टर यांनी ‘पीसिंग अँड रायटिंग’ (१९८६) या निबंधात क्विल्टची रचना आणि अमेरिकन स्त्रियांचे लेखन यांतील नाते उलगडले. हे कार्य मोलाचे आहे. मात्र अशा तुलनेत ‘तुकडे जोडणे’ ही कल्पना अतिशय सुलभ होऊन जाते. कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जोडता येतो, असा ग्रह त्यातून होतो. वक्र शिवण या ग्रहाला छेद देते. तेथे दोन कडा मुळातच जुळणाऱ्या नसतात. त्या जुळवाव्या लागतात.

टाक्यांचे वाचन : ‘ट्रायफल्स’

शिवण वाचणाऱ्या समीक्षेचा आदर्श साहित्यातच उपलब्ध आहे. सुझन ग्लास्पेल यांच्या ‘ट्रायफल्स’ (१९१६) या एकांकिकेत एका खुनाच्या तपासासाठी आलेले पुरुष घरभर पुरावा शोधतात. स्वयंपाकघरात थांबलेल्या मिसेस हेल आणि मिसेस पीटर्स यांना अपुऱ्या क्विल्टचे ब्लॉक सापडतात. नमुना ‘लॉग केबिन’ हा सरळ पट्ट्यांचा आहे. त्याच्या नावाचा अर्थ त्या लावत बसत नाहीत. एका ब्लॉकची शिवण अचानक विस्कळीत झाली आहे, हे त्यांच्या लक्षात येते आणि शिवणाऱ्या स्त्रीची मनःस्थिती त्यांना उमगते. मिसेस हेल ते टाके उसवून पुन्हा नीट घालू लागते. पुरुषांना त्यांची क्विल्टविषयीची चर्चा हास्यास्पद वाटते. वाचनाचे कौशल्य आणि शिवण्याचे कौशल्य येथे एकच आहे. स्वतः शिवू शकणारीलाच टाका कोठे बिघडला हे कळते.

अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेतही हाच प्रश्न आहे. डीला क्विल्ट टांगून ठेवायचे आहेत. मॅगीला ते शिवता येतात. कथेची चर्चा बहुधा वारशाच्या दोन कल्पनांभोवती फिरते. परंतु मॅगीकडे वारसा वस्तूच्या नव्हे, तर कृतीच्या रूपात आहे, हा मुद्दा शिवणीचे ज्ञान गंभीरपणे घेतल्याशिवाय पूर्ण उमगत नाही.

मराठी संदर्भ

मराठीत आपण ‘क्विल्ट’साठी सहज ‘गोधडी’ हा शब्द वापरतो. हा पर्याय जवळचा असला तरी समतुल्य नाही. गोधडीत जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून धावदोरा सर्व थरांतून काढला जातो; जोडणे आणि बांधणे या क्रिया बहुधा एकाच वेळी घडतात. तुकड्याच्या कडेला खालच्या थरांचा आधार असतो. वक्र ब्लॉकची शिवण दोन सुट्या कापडांमधील असते आणि तिला खाली आधार नसतो. आपल्या घरांत तिचे जवळचे उदाहरण गोधडीत नव्हे, तर ब्लाउजच्या मुंढ्यात बसवलेल्या बाहीत सापडेल. याचा अर्थ गोधडी सोपी असा नव्हे. कमी-अधिक झिजलेली कापडे झोल न पडता एकत्र बसवणे हे तिचे वेगळे ज्ञान आहे. आपली समीक्षा मात्र विस्कळीत रचनेला ‘ठिगळे’ म्हणून दूषण देते आणि विविधतेला ‘गोधडी’ म्हणून गौरवते. दोन्ही वेळी टाका अदृश्यच राहतो.

समारोप

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की, नाव आणि पृष्ठभाग यांचे वाचन आवश्यक असले तरी अपुरे आहे. क्विल्ट वा गोधडीचा अभ्यास करताना कापडाच्या धाग्याची दिशा, शिवणीचा प्रकार, टाक्यांची घनता आणि शक्य तेथे शिवणारीचे नाव यांची नोंद होणे आवश्यक आहे. अनेक महाविद्यालयांत गृहविज्ञान आणि भाषा हे विभाग एकाच आवारात असूनही परस्परांपासून दूर असतात. या विषयात एकाचे मोजमाप आणि दुसऱ्याचे अर्थनिर्णयन यांची सांगड घातली गेली, तर आजवर शोभेची वस्तू म्हणून पाहिल्या गेलेल्या कामात दडलेले स्त्रियांचे गणित आणि कापडाची जाण अभ्यासाच्या कक्षेत येईल.