नकलेची रेषा

आवडत्या व्यंगचित्रकाराची चित्रे समोर ठेवून ती हुबेहूब उतरवीत बसणारी मुले पुष्कळ घरांतून आढळतात. कलाशिक्षक नाक मुरडतात. पालकांनाही त्यात स्वतंत्र बुद्धीचा लोप दिसतो. आमचे मत निराळे आहे. नक्कल अवश्य करावी. प्रश्न आहे तो नक्कल कशाची करावयाची, हा.

आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांचेच उदाहरण घ्या. म्हैसूरच्या या मुलाने डेव्हिड लो याची चित्रे वर्तमानपत्रांतून मोठ्या भक्तीने अभ्यासिली. चित्राखालची सही मात्र ‘लो’ अशी नसून ‘काउ’, म्हणजे चक्क गाय, अशी आहे, असे तो कित्येक दिवस समजत होता! गुरूचे नाव धड वाचता आले नाही. परंतु कुंचल्याची ती जाड-बारीक होत जाणारी काळी रेषा त्याने नीट वाचली.

लो स्वतःही असाच शिकला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या या चित्रकाराला रीतसर कलाशिक्षण फारसे लाभले नाही. ‘पंच’चे जुने अंक, आणि विशेषतः फिल मे (१८६४–१९०३), हेच त्याचे गुरुकुल. मेची रेषा अत्यंत मोजकी. नवशिक्यास वाटते, एवढे तर आपणासही साधेल. वस्तुतः मे प्रथम सर्व बारकाव्यांनिशी चित्र रेखाटीत असे आणि मग त्यातील अनावश्यक तेवढे गाळीत असे. छापील कागदावर दिसते ते केवळ उरलेले. गाळलेले दिसत नाही. नक्कल करणाऱ्याची फसगत होते ती येथेच. उरलेली रेषा तो उचलतो, पण ती का उरली हे त्यास ठाऊक नसते. म्हणून त्याने काढलेले नाक थेट लोच्या वळणाचे असते, आणि तरीही ते कोणाच्याच चेहऱ्यावर बसत नाही.

लक्ष्मण यातून सुटले, याचे श्रेय आम्ही कावळ्यास देतो. लोची चित्रे पुढ्यात असतानाही त्यांची नजर बाहेरच्या कावळ्यांवर खिळलेली असे. ते कावळे त्यांनी जन्मभर काढले. त्यांचा सुप्रसिद्ध ‘सामान्य माणूस’ही गाळण्यातूनच जन्मला. आरंभी निरनिराळ्या प्रांतांतील माणसांची गर्दी ते चित्रात उभी करीत. रोजच्या घाईत एकेक जण गळत गेला आणि अखेर चौकड्यांचा कोट व धोतर ल्यालेला एक वृद्ध तेवढा उरला. हा वृद्ध लोच्या चित्रांत शोधून सापडावयाचा नाही.

तेव्हा घरातील मुलाने लक्ष्मणांची छत्री उतरवली असेल, तर दारामागची खरी छत्रीही एकदा त्याच्यापुढे उघडून ठेवावी, आणि लक्ष्मणांनी तिच्या किती काड्या गाळल्या हे त्यालाच मोजू द्यावे.