'डीप डेमोक्रसी' वाचताना: चावी कोणाकडे असते?

शहर, वस्ती, सहभाग यातला एक जरी शब्द तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल, तर गाईड तुम्हाला अर्जुन अप्पादुराईंचा 'डीप डेमोक्रसी' हा लेख वाचायला देणारच. 2001 साली आलेला हा लेख मी चार वेळा वाचलाय. पहिल्यांदा भारावून गेले होते, चौथ्यांदा चिडले. ही पोस्ट त्या चिडण्याबद्दल आहे. पण भारावणंही खोटं नव्हतं, म्हणून आधी ते सांगते.

लेख मुंबईतल्या तीन संघटनांबद्दल आहे. 'स्पार्क' ही 1984 साली सुरू झालेली स्वयंसेवी संस्था, जोकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, आणि फुटपाथवर नि झोपड्यांत राहणाऱ्या बायकांच्या बचतीतून उभं राहिलेलं 'महिला मिलन'. तिघांना मिळून लेखात 'अलायन्स' म्हटलंय. नुसती मागणी करत बसण्यापेक्षा ही मंडळी स्वतःच वस्तीची मोजणी करतात, संडासाचा नमुना उभा करून दाखवतात आणि मग सरकारी लोकांना म्हणतात, हे जमतं, बघा. आता यावर बोलू. माणसं मोजणं हे सरकारचं साधन, ते इथे वस्तीने हातात घेतलंय, हा अप्पादुराईंचा मुद्दा. फूको वाचून डोकं धरून बसलेल्या कोणालाही इथे एकदम उजेड पडतो. माझा पडला होता.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. पुण्यात 1999 नंतर आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात महापालिकेने स्वयंसेवी संस्थांना संडास बांधण्याचं काम दिलं. दर आठवड्याला बैठका होत, आणि 400 हून जास्त ब्लॉक बांधले गेले. बायकांशी बोलून केलेली रचना बघा: बायका-पुरुषांची वेगळी दारं, पोरांसाठी वेगळी जागा, पाण्याची मोठी टाकी, केअरटेकरला खोली. दार दोन्ही बाजूंनी उघडणारं, कारण हातात बादली असते. ही शेवटची गोष्ट ऑफिसात बसलेल्या इंजिनिअरला सुचणं अवघड आहे. रहिवासी आणि महापालिका एकत्र आले की काय होतं, ते मला कुणी विचारलं तर मी अजूनही त्या दाराबद्दलच सांगते.

मग चिडले कशावर?

लेखातल्या वाक्यांचे कर्ते शोधा. हा कंटाळवाणा प्रकार आहे, पण करा. सुरुवातीला अप्पादुराई तिन्ही संघटनांमधला फरक नीट सांगतात. शिकलेली, इंग्रजी बोलणारी संस्था एकीकडे, वस्तीतल्या बायका दुसरीकडे. पुढे मात्र जवळजवळ सगळं काही 'अलायन्स' करते. तीच ठरवते, तीच वाटाघाटी करते, तीच वाट बघते. पलीकडे 'राज्यसंस्था'ही अशीच एकसंध. प्रत्यक्षात आयुक्तांची बदली होते आणि वॉर्ड ऑफिसातला कनिष्ठ अभियंता तिथेच असतो. दोघांना एकाच शब्दात कोंबलं, तर सहकार्य नेमकं कुठे अडतं ते दिसणार कसं?

दुसरी तक्रार 'धीराच्या राजकारणा'बद्दल. ही लेखातली सगळ्यात गाजलेली कल्पना. प्रकल्पांच्या घाईला नकार द्यायचा, नातं टिकवायचं, हळूहळू पुढे सरकायचं. ऐकायला छानच. पण धीर धरायला लागतो म्हणजे कोणाचा तरी दिवस जातो, आणि तो कोणाचा जातो हे लेख पुरेसं विचारत नाही.

हे मला वाचून कळलं नाही. मी ज्या वस्तीत काम करते (नाव, गाव दोन्ही सांगणार नाही, तसं कबूल केलंय) तिथे अशाच पद्धतीने बांधलेला संडास आहे. पहिल्या वर्षी मी फक्त बैठकांना बसले. कोण बोललं, किती बायका आल्या, सगळं लिहून त्यावर 'सहभाग' असा कोड टाकला. प्रकरण छान झालं होतं. गाईडने परत पाठवलं, समासात दोनच शब्द: "कर्ता कोण?"

पुन्हा गेले तेव्हा मोटरचं बिल थकून लाइट कापली होती. टाकी रिकामी. केअरटेकर मावशी आणि आणखी तिघीजणी लांबच्या नळावरून पाणी आणत होत्या. पासचे पैसे कोणी गोळा करायचे, बिल घेऊन वॉर्ड ऑफिसात कोणी जायचं, त्या दिवशीची धुणीभांडी बुडाली तर पगार कोणाचा कापला जायचा, यातलं काहीही माझ्या 'सहभागा'त नव्हतं. मी मावशींना विचारलं, "समिती काय म्हणते?" त्या म्हणाल्या, "समिती म्हणजे आम्हीच की गं. उद्घाटनाला लई होते."

अनन्या रॉय यांनी 2009 च्या लेखात याच संघटनांवर जास्त कठोर टीका केलीय: अशा सहभागातून गरिबांना सामावून घेतलं जातं आणि त्याच वाटेने त्यांच्यावर राज्यही केलं जातं. मला ती अर्धीच पटते. ज्या बाईला आयुष्यभर रुळाकडेला बसावं लागलं, तिला दार असलेला संडास मिळणं हे 'नियंत्रण' या शब्दात मावत नाही. या एका बाबतीत मी अप्पादुराईंच्या बाजूने आहे. फक्त त्यांची गोष्ट फार लवकर संपते. त्यांच्याकडे संडास मेळा आहे, पाहुणे आहेत, वाटाघाटी आहेत. दहाव्या वर्षीची टाकी नाही. त्यांनी लिहिलं तेव्हा ते दहावं वर्ष यायचंच होतं, हेही खरं. त्यामुळे हा दोष त्यांच्यापेक्षा आपला जास्त, कारण आपण वीस वर्षांनंतरही तोच लेख चौकट म्हणून डोक्यावर घेऊन वस्तीत जातो.

तर तुम्ही जाल तेव्हा बैठकीचं इतिवृत्त मागा, पण विजेची बिलंही मागा. पासची वही बघा, मध्येच हस्ताक्षर बदललं असेल तर का बदललं ते विचारा. सकाळी साडेचारला एकदा तरी जा. आणि कुलपाची चावी रात्री कोणाच्या घरी असते ते शोधा. मला ते विचारायला चौदा महिने लागले. माझ्या वस्तीत ती मावशींच्या सुनेकडे असते, आणि तिचं नाव समितीच्या कुठल्याच यादीत नाही.