दोन गुप्ततांचा व्यवहार : एकोणिसाव्या शतकातील पेटंट औषधांच्या जाहिराती आणि पेण-रोह्याचा वाचक

एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांचा अभ्यास प्रामुख्याने अग्रलेख, वादविवाद आणि समाजसुधारणेची चळवळ या अंगांनी झाला आहे. शेवटच्या पानांवरील ‘जाहीर खबरी’ आणि नोटिसा यांच्याकडे मात्र अभ्यासकांनी बव्हंशी मुद्रणव्यवसायाच्या उत्पन्नाचे एक साधन एवढ्याच दृष्टीने पाहिले. वास्तविक ज्या वाचकापर्यंत अग्रलेखातील तात्त्विक चर्चा पोहोचत नव्हती, त्याच्यापर्यंतही तापाच्या गोळीची किंवा धातुपुष्टीच्या पाकाची जाहिरात पोहोचत होती. मुद्रित शब्दावर विश्वास ठेवून पैसे खर्च करण्याचा पहिला अनुभव अनेकांना याच मजकुराने दिला असला पाहिजे. पेण आणि रोहे या तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) दोन गावांचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून या जाहिरातींचे वाङ्मयीन व सामाजिक स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘पेटंट औषध’ या संज्ञेतील विसंगती लक्षात घेतली पाहिजे. पेटंट म्हणजे शोधकर्त्यास मर्यादित काळापुरता मिळणारा एकाधिकार, आणि त्याची किंमत म्हणजे शोधाचे संपूर्ण वर्णन सरकारदरबारी दाखल करणे. हिंदुस्थानात १८५६ व १८५९ च्या कायद्यांनी असा एकाधिकार दिला तो याच अटीवर. पेटंट म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य औषधांनी ही अट कधीच पत्करली नाही, कारण कृती उघड होताच औषधाचे तेज ओसरले असते. त्यांचे भांडवल होते नाव, वेष्टन आणि मौन. इंग्लंडमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक-कर होता. कराची पावती म्हणून बाटलीवर चिकटविलेले सरकारी तिकीट गिऱ्हाइकाला सरकारी प्रशस्तीसारखे भासे आणि विक्रेते तो भास मोडण्याची मुळीच घाई करीत नसत.

या व्यापाराचे आद्य पुरुष म्हणून टॉमस हॉलोवे यांचे नाव घेतले जाते. १८३७ मध्ये त्यांनी आपल्या मलमाची जाहिरात सुरू केली, पाठोपाठ गोळ्या आल्या आणि साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातील वृत्तपत्रांत त्यांचे नाव झळकू लागले. गोळ्यांचे मुख्य कार्य रेचकाचे होते. काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, हा त्यांतील प्रमुख घटक. या मिळकतीतून लंडनजवळ स्त्रियांसाठी जे महाविद्यालय उभे राहिले, त्याचे उद्घाटन १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते झाले. महाविद्यालयीन अध्यापकांनी ही नोंद थोडी सस्मित वाचावी. बीचमच्या गोळ्यांचीही गोष्ट निराळी नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये अशा गुप्त औषधांची रासायनिक परीक्षा प्रसिद्ध केली, तेव्हा काळा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच त्यांत आढळले. एक शिलिंग दीड पेन्सला विकल्या जाणाऱ्या ५६ गोळ्यांतील द्रव्यांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग भरली. याचा अर्थ विक्रीची किंमत द्रव्यांच्या किमतीच्या सुमारे १०८ पट होती. उरलेले १०७ भाग कशाचे, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी ‘शब्दांचे’ असेच द्यावे लागते.

हिंदुस्थानशी अधिक निकटचा संबंध असलेले औषध म्हणजे क्लोरोडाइन. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टराने हिंदुस्थानातील नोकरीत, १८४८ च्या सुमारास, पटकीवर उपाय म्हणून ते तयार केले आणि १८५६ पासून लंडनमध्ये त्याची विक्री सुरू झाली. अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क यांच्या मिश्रणाने वेदना शमत, जुलाब मंदावत आणि रोग्यास गुंगी येई. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे औषध निर्गुण नव्हते. काळ्या बोळाची गोळी आणि क्लोरोडाइन यांना ‘भोंदूगिरी’ या एकाच शब्दाने निकालात काढणारी टीका फार स्थूल ठरते. परंतु पटकीत रोगी दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, आणि अफूने ते परत येत नाहीत. रोगी शांत पडला की घरच्यांना उतार पडल्यासारखे वाटे. औषधाचा खरा गुण आणि जाहिरातीतील वचन यांतले हे अंतर घरातल्या माणसांना दिसणे जवळजवळ अशक्य होते, आणि नेमके तेच प्राणघातक होते.

क्लोरोडाइनच्या जाहिरातीचा एक विशेष या संदर्भात अभ्यासनीय आहे. प्रतिस्पर्धी फ्रीमन यांच्याशी झालेल्या १८६४ च्या दाव्यात न्यायमूर्ती पेज वुड यांनी ब्राउन हेच मूळ संशोधक असल्याचे मत दिले. त्यानंतर कित्येक वर्षे न्यायमूर्तींचे नाव व वृत्तपत्राची तारीख जाहिरातीत छापली जात असे. न्यायालयाने ठरविले होते ते औषध कोणाचे, एवढेच. ते कोणत्या रोगावर किती चालते, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. एका प्रश्नाच्या उत्तराला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभे करणे, ही या संपूर्ण वाङ्मयाची मूळ अलंकारयोजना होय. सरकारी तिकीट, राजघराण्याचे चिन्ह, प्रदर्शनातील पदक, ‘नामांकित गृहस्थांचे अभिप्राय’ हे सारे तिचेच विस्तार आहेत.

आता हा मजकूर ज्याच्या हाती पडत होता त्या वाचकाकडे वळावे. पेण हे भोगावतीकाठचे भाताचे व मिठाचे पेठेचे गाव. धरमतरच्या खाडीने ते मुंबईशी जोडलेले होते. रोहे कुंडलिकेच्या तीरावर, समोर अष्टमी, आणि खाली रेवदंड्याच्या खाडीतून समुद्र. रेल्वे या गावांपर्यंत आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वीचा शंभर-दीडशे वर्षांचा व्यवहार खाडीच्या भरती-ओहोटीवर आणि घाटवाटांवर चाले. पावसाळ्यात शिडाच्या गलबतांची ये-जा नारळी पौर्णिमेपर्यंत थांबे, आणि भाद्रपद-आश्विनात पाणथळ खाचरांच्या कडेने हिवताप सुरू होई. माल आणि रोग यांचे वेळापत्रक असे परस्परांवर रचलेले असताना कागदाचे वेळापत्रक मात्र निराळे होते. टपाल बारमाही येई, त्यातून मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे येत, अलिबागेहून ‘सत्यसदन’ येई. १८७७ मध्ये व्ही. पी. म्हणजे किमतीच्या वसुलीसह पार्सल पोहोचविण्याची सोय झाली, १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले, १८८० पासून टपाल कचेरीतून मनीऑर्डर जाऊ लागली. पेटंट औषधांचा प्रसार छापखान्याने केला असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. कोकणातील गावांपुरते बोलावयाचे तर त्यात टपाल खात्याचा वाटा छापखान्याहून कमी नसावा. व्ही. पी. त पैसे आधी, पार्सल उघडणे नंतर. टपालवाल्याची सचोटी त्याने आणलेल्या मालाला आपोआप चिकटत असे.

अशा गावात औषधाची वानवा होती म्हणून लोक जाहिरातींकडे वळले, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे नाही. गावात वैद्य होता. डोंगरउतारावरून कातकरी-ठाकर स्त्रिया बाजाराच्या दिवशी मुळ्या व झाडपाला घेऊन येत. देवाला नवस होता, मंत्रतंत्र होते. मग पार्सलातील बाटलीने असे काय दिले, जे यांपैकी कोणाकडे नव्हते?

याचे उत्तर वैद्याच्या पद्धतीतच सापडते. आयुर्वेदाने रोगिपरीक्षा त्रिविध मानली आहे : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्य रोग्याला पाहतो, नाडी धरतो, खाण्यापिण्याची व दिनचर्येची चौकशी करतो. त्यानंतर निदान, त्यानंतर औषध, आणि औषधासोबत अनुपान व पथ्य. जाहिरातीने हा क्रम उलटा केला. औषध आधी ठरलेले असते, रोगांची यादी त्याच्याखाली येते, आणि वाचकाने त्या यादीत स्वतःला शोधावयाचे असते. डोके जड होणे, भूक मंदावणे, झोप न येणे, कामात उत्साह नसणे अशी लक्षणे ज्या यादीत आहेत, तिच्यात जो स्वतःला शोधील त्याला आपण सापडणारच. या यादीचा घाट मराठी वाचकाला अपरिचित नव्हता. स्तोत्राच्या अखेरीस येणाऱ्या फलश्रुतीतही विद्यार्थ्यास विद्या, धनार्थ्यास धन, रोग्यास आरोग्य अशी सर्वांची सोय असते. ‘रामबाण’ हा जाहिरातीचा लाडका शब्दही त्याच परंपरेतला. मात्र फलश्रुतीला श्रद्धेची व नियमाची अट असते, वैद्याच्या औषधाला पथ्याची असते. पार्सलातील औषधाला किमतीपलीकडे अट नव्हती आणि ‘पथ्याची जरुरी नाही’ हाच त्याचा गुण म्हणून सांगितला जाई.

परंतु एवढ्यावर थांबल्यास वाचक भोळा आणि विक्रेता लबाड हे ठरीव चित्र कायम राहते. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांना एक सामाजिक किंमतही होती. पेण-रोह्यासारख्या गावात वैद्य म्हणजे परका मनुष्य नव्हे. तो घरातील तीन पिढ्या ओळखणारा, आळीतला, कदाचित सोयरसंबंधातला. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे म्हणजे गावाला उत्तर देणे. गुप्तरोग, वंध्यत्व, पाळीच्या तक्रारी, अंगावर उठलेला पांढरा किंवा बधिर डाग, यांविषयी वैद्यापुढे बसणे अनेकांना शक्य नव्हते, आणि स्त्रियांना तर त्यासाठी आधी घरातल्या पुरुषाला सांगावे लागे. जाहिरातीने विकली ती ही सुटका. विक्रेता आपली कृती झाकून ठेवीत होता आणि गिऱ्हाईक आपला रोग. दोन गुप्ततांची ही अदलाबदल होती, आणि तिच्यात गिऱ्हाइकाला मिळणारी वस्तू खोटी नव्हती. बाटलीत काही नसले तरी एकांत खरा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला, घरझडत्या व विलगीकरण आले, तेव्हा रोग झाकण्याची गरज साऱ्या समाजाचीच झाली. त्या वर्षांत प्लेगवरील औषधांच्या जाहिराती का फोफावल्या, याचे कारण केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल.

मराठीतील विवेचनात या विषयाची मांडणी बहुधा ‘विलायती विरुद्ध देशी’ किंवा ‘विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा’ अशी केली जाते. या दोन्ही विभागण्या प्रत्यक्ष उदाहरणांपुढे टिकत नाहीत. पेणपासून सुमारे ३५ किलोमीटरवरील, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला. आसव-अरिष्टे हे अशा देशी कारखानदारीचे महत्त्वाचे अंग ठरले आणि त्याचे कारण द्रव्यगुणाइतकेच व्यापाराचेही आहे. काढा त्याच दिवशी घ्यावा लागतो. आसवात धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबवण होऊन मद्यांश आपोआप उत्पन्न होतो आणि त्यामुळे ते टिकते. जे टिकते तेच बाटलीत भरता येते, गलबतावर चढविता येते, टपालाने धाडता येते. तथापि या आसवांच्या कृती गुप्त नव्हत्या. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात त्या कोणालाही वाचावयास मिळत. कारखाना विकत होता ती श्रमाची व शुद्धतेची हमी. हा अर्थातच फार मोठा फरक आहे. देशी औषधालयांच्या जाहिरातींनी पुढे रोगांच्या लांबलचक याद्या आणि अभिप्रायांचे गठ्ठे ही विलायती रीत उचलली, आणि स्वदेशीच्या गौरवात तिकडे काणाडोळा झाला, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, पाश्चात्त्य वैद्यकाचे आणि प्राच्यविद्येचे व्यासंगी डॉ. भाऊ दाजी लाड (मृत्यू १८७४) यांनी कुष्ठरोगावर देशी औषधाचे प्रयोग केले. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल हे त्यांचे द्रव्य. मात्र हयातीत त्यांनी आपल्या उपचाराची कृती उघड केली नाही. हेच तेल विसाव्या शतकात, सल्फोन औषधे येईपर्यंत, कुष्ठरोगावरील मान्य उपचार होते. म्हणजे औषध खोटे नव्हते, हेतूही हिणकस नव्हता. तरीही कृती झाकलेली असल्याने इतरांना प्रयोग करून ते पडताळता येईना. शास्त्रीपंडिताने उघडी कृती विकावी आणि विज्ञानाच्या पदवीधराने ती झाकावी, या विरोधाभासाचा उलगडा देशी-विलायतीच्या चौकटीत होत नाही. कृती उघड आहे की गुप्त, आणि रोगी तपासला गेला की नाही, या दोन कसोट्याच येथे उपयोगी पडतात.

कायद्याने यांपैकी पहिल्या कसोटीची दखल पुष्कळ उशिरा घेतली. चोप्रा समितीची चौकशी १९३०-३१ ची, औषधांचा कायदा १९४० चा. आयुर्वेदीय औषधे त्याच्या कक्षेत १९६४ च्या दुरुस्तीने आली आणि ग्रंथोक्त औषध व ‘पेटंट अथवा मालकीचे’ औषध असा भेद पुढे त्या कायद्यात नोंदला गेला. वेष्टनावर घटक छापणे आता बंधनकारक आहे. जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम आहे. हमदर्द दवाखान्याच्या १९५९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी जाहिरात भाषणस्वातंत्र्याच्या संरक्षणात बसत नसल्याचे सांगितले. मात्र यादीत वाटेल तो रोग घालण्याची सरकारला दिलेली मोकळीक त्याच निकालाने रद्द केली. या अधिनियमाच्या अनुसूचीत रोगांची यादी आहे. तीत कुष्ठ आहे, प्लेगही आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात मात्र या यादीचा क्रम शेवटचा लागतो. तिच्या आधी तीन विषय नावानिशी नमूद आहेत : गर्भपात व गर्भनिरोध, कामशक्ती आणि मासिक पाळीच्या तक्रारी.