अफगाण चर्च : भिंतीवर न मावलेली नावे

मागच्या खेपेला आम्ही न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या जुन्या सेंट पॉल चर्चबद्दल बोललो, १८६६ सालच्या. दगडातून घडलेली गॉथिक शैली तिथे, भूकंपाच्या मुलखात, लाकडात उतरली आणि शोभली. आज कुलाब्याच्या अफगाण चर्चकडे येऊ. पंथ तोच अँग्लिकन, शैली तीच. पण भिंती दगडी.

पायाभरणी १८४७ ची, आराखडा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याचा, समर्पण १८५८ मध्ये. १९८ फुटांचा मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला; बंदरात येणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसे. कमानी, रंगीत काचा, फरशी, सगळे देखणे. त्यात आम्हाला खोट काढायची नाही.

खोट आहे ती स्मारकात. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत तलवारीने नि आजाराने मेलेल्यांसाठी हे चर्च बांधले. अधिकाऱ्यांची नावे वेदीकडच्या भिंतींवर आहेत. साध्या शिपायांबद्दल स्मृतिलेख एवढेच सांगतो, की ते फार होते, नावे लिहिण्यापलीकडचे. आता बघा हं, मनोऱ्याला १९८ फूट दगड मिळाला आणि नावांना भिंत पुरली नाही! जागेची ही सबब आम्हाला पटत नाही.

आपण जांबेत बसलो आहोत म्हणून सांगतो. इथल्या नारायण ठोसरांनी आपले नाव स्वतः होऊन मागे ठेवले, रामदास झाले. त्या शिपायांना कुणी विचारले नव्हते. तिथे गेलात तर मनोरा बघून परत फिरू नका. तो लेख शोधून वाचा.