हायकोर्टाचा इतिहास व पक्षकाराची भाषा

इ. स. २०२५ च्या ऑगस्ट महिन्याच्या १७ तारखेस मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचें कोल्हापुरांत उद्घाटन झालें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप त्यामुळें वांचली. कित्येक दशकें चाललेल्या मागणीचें हें फळ आहे, व त्याचा आनंद आम्हांसहि आहे. तथापि अशा प्रसंगीं हायकोर्टाचा जो इतिहास सांगण्यांत येतो, तो वाचून व ऐकून आमचें समाधान होत नाहीं. त्याचें कारण येथें थोडक्यांत नमूद करावें असें वाटतें.

हा इतिहास बहुधा तसबिरींच्या दालनासारखा असतो. एकामागून एक थोर न्यायाधीश, नामांकित वकील व गाजलेले खटले वाचकापुढून जातात. हायकोर्टाच्या शताब्दीच्या वर्षीं, १९६२ सालीं, पी. बी. वाच्छा यांनीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथाचें नांवच मुळीं 'मुंबईचे प्रसिद्ध न्यायाधीश, वकील व खटले' अशा अर्थाचें आहे. थोरांचें स्मरण करूं नये असें कोण म्हणेल? पण ज्याच्या वादासाठीं हें सर्व उभारलें, तो पक्षकार या दालनांत क्वचितच दिसतो. त्याच्या बाजूनें पाहूं गेल्यास हायकोर्टाच्या रचनेचा अर्थ निराळा लागतो.

१८६२ पूर्वीं मुंबई इलाख्यांत दोन तऱ्हेचीं वरिष्ठ न्यायालयें होतीं. शहरासाठीं १८२४ पासून राजाच्या सनदेचें सुप्रीम कोर्ट, आणि मुफसलासाठीं कंपनीची सदर अदालत. पहिल्यांत विलायतेहून आलेले बॅरिस्टर बसत; दुसरींत जिल्ह्याजिल्ह्यांतून वर चढलेले मुलकी अधिकारी. १८६१ च्या कायद्यान्वयें दोहोंचा संगम करून १४ ऑगस्ट १८६२ रोजीं हायकोर्ट सुरू झालें, व सर मॅथ्यू सॉस हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. निदान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर व एक तृतीयांश सिव्हिल सर्व्हिसमधील असावेत, असा त्या कायद्याचा निर्बंध होता. याकडे नोकऱ्यांची वांटणी म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्यांत एक कबुली दिसते. कायदा जाणणारा रयतेस जाणीलच असें नाहीं, व रयतेंत वावरलेला कायद्यांत मुरलेला असेलच असेंहि नाहीं. म्हणून दोघांस शेजारीं बसविणें भाग पडलें. उरलेल्या जागांच्या वाटेनें देशी माणसांचा प्रवेश झाला. १८७३ त नानाभाई हरिदास हंगामी न्यायाधीश झाले. १८८९ त काशिनाथ त्र्यंबक तेलंग व १८९३ त महादेव गोविंद रानडे आले. कायद्याची व रयतेची ओळख एकाच माणसाच्या ठायीं असूं शकते, हें या मंडळींनीं दाखवून दिलें.

न्यायासनावरील माणूस असा बदलत गेला, पण न्यायासनाची भाषा बदलली नाहीं. १९०८ चा टिळकांवरील खटला पाहा. न्यायाधीश दावर हे देशीच होते. आरोप 'केसरी'तील मराठी लेखांवर होता. परंतु ज्यूरींतील नवांपैकीं सात जण युरोपियन होते, आणि लेखांचा निवाडा व्हावयाचा तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरावरून. भाषांतर सदोष आहे ही टिळकांची तक्रार होती, व ती तक्रारहि त्यांस इंग्रजींतच मांडावी लागली. दोनांविरुद्ध सात मतांनीं ते दोषी ठरले व सहा वर्षांसाठीं हद्दपार झाले. त्यांचे त्या वेळचे उद्गार १९५६ त शिळेवर कोरून त्याच इमारतींत लावण्यांत आले. त्या शिळेपुढें सर्वच नतमस्तक होतात. मराठी मजकुराचा न्याय मराठी न जाणणाऱ्यांनीं केला, ही गोष्ट मात्र तितकीशी कोणी आठवीत नाहीं.

आमचें कोल्हापूर ही एके काळची राजधानी. येथील दरबारचें मोडी दप्तर आजहि पुराभिलेखागारांत आहे. संस्थानास स्वतःचें हायकोर्ट होतें. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व कोल्हापूर एक जिल्हा उरला. नागपुरास १९३६ पासून स्वतंत्र हायकोर्ट होतें, तें १९५६ त गेलें तेव्हां त्याच्या जागीं खंडपीठ तरी राहिलें. कोल्हापुरास शहात्तर वर्षें वाट पाहावी लागली. आतां मुंबईचें सुमारें पावणेचारशें किलोमीटरचें अंतर मिटलें. दुसरें अंतर तसेंच आहे.

१९९८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्रांतील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. शिरोळचा शेतकरी आपली साक्ष मराठींत देतो. पण अपील वर गेलें, कीं संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणें सारें काम इंग्रजींत चालतें. आपल्याच शब्दांचें भाषांतर ठीक झालें कीं नाहीं, हें त्यास कळत नाहीं. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत राष्ट्रपतींच्या संमतीनें राज्याची भाषा हायकोर्टाच्या कामकाजांत आणण्याची सोय आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार यांनीं हिंदीसाठीं तिचा लाभ घेतला आहे.

यावर आक्षेप आहे, व तो पोकळ नाहीं. मुख्य न्यायाधीश बहुधा परप्रांतांतून येतात. न्यायाधीशांच्या बदल्या होतात. निर्णयसंग्रह इंग्रजींत आहेत. म्हणून निकाल इंग्रजींत राहोत. परंतु ज्यास मराठींत युक्तिवाद करावयाचा आहे त्यास तशी मुभा असावी, आणि प्रत्येक निकालासोबत त्याचा मराठी गोषवारा पक्षकाराच्या हातीं पडावा, एवढें मागण्यांत अतिरेक तो कोणता? इंग्रजींत निकाल लिहिणाऱ्या रानड्यांनींच मुंबई विद्यापीठांत मराठीस स्थान मिळावें म्हणून खटपट केली होती.

आम्ही स्वतः इंग्रजी विद्येवर पोसलेले आहों. मराठींत कायदा मावणार नाहीं, असें म्हणणाऱ्यांत आमच्याच वर्गाचा भरणा अधिक, हें कबूल केलें पाहिजे. कोल्हापूरच्या बेंचचा इतिहास पुढेंमागें कोणी लिहीलच. त्यानें न्यायाधीशांची नामावळी अवश्य द्यावी. पण शिरोळच्या त्या शेतकऱ्यास आपला निकाल स्वतः वाचतां आला कीं नाहीं, हेंहि नोंदवावें.