गाणं, बोलणं आणि सुरी : 'टू किल अ किंगडम'मधली जलपरी



आज आपण एकाच कादंबरीबद्दल बोलणार आहोत. अलेक्झांड्रा क्रिस्टो या ब्रिटिश लेखिकेची 'टू किल अ किंगडम'. २०१८ साली आलेली ही तिची पहिली कादंबरी. जलपरीच्या जुन्या गोष्टीचं हे पुनर्कथन आहे, आणि 'डार्क फँटसी', 'रोमान्स' अशी दोन्ही लेबलं त्याला लागतात. डार्क म्हटलं की रक्त आलं, उपटलेली हृदयं आली, समुद्राच्या तळाशी क्रूर राणी आली. ते सगळं इथं आहे. पण आपल्यापुढचा प्रश्न असा की ही कादंबरी मूळ गोष्टीपेक्षा खरोखर काळी आहे का? आणि नसेल, तर तिनं नेमकं बदललं काय?

त्यासाठी मूळ गोष्ट आधी नीट आठवू या. कारण आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात असतो तो १९८९ चा डिस्नेचा सिनेमा, ज्यात शेवटी लग्न होतं. हान्स क्रिश्चन अँडरसनची गोष्ट १८३७ साली कोपनहेगनला छापली गेली, आणि तिच्यात लग्न होतं ते राजपुत्राचं, दुसऱ्या मुलीशी. जलपरी बुडणाऱ्या राजपुत्राला वाचवते. त्याच्याजवळ जाता यावं म्हणून चेटकिणीकडून पाय मागून घेते, आणि त्याची किंमत म्हणून चेटकीण तिची जीभ कापते. नव्या पायांवरचं प्रत्येक पाऊल धारदार पात्यावर पडल्यासारखं दुखतं. राजपुत्र तिचे लाड करतो, तिला आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो. बघा, उशी मखमली, पण जागा दाराबाहेर. लाडक्या कुत्र्याला देतात तशी. आणि आपला जीव वाचवला तो हिनं, हे त्याला कधी कळतच नाही, कारण सांगायला तिच्याकडे जीभ नाही.

शेवटच्या रात्री तिच्या बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन एक सुरी आणतात. ती राजपुत्राच्या हृदयात खुपस, त्याचं रक्त तुझ्या पायांवर पडू दे, म्हणजे तू पुन्हा जलपरी होशील. ती झोपलेल्या नवराबायकोजवळ जाते, आणि सुरी समुद्रात फेकून देते. पहाटे तिचा फेस होतो. पुढे ती हवेतल्या कन्यांमध्ये जाते आणि ३०० वर्षं सत्कृत्यं केली तर तिला अमर आत्मा मिळणार असतो. हा शेवट पुष्कळांना चिकटवल्यासारखा वाटतो. पण अँडरसनला तो महत्त्वाचा होता. फूकेच्या १८११ च्या 'उंडीन'मध्ये जलकन्येला आत्मा मिळतो तो माणसाशी लग्न केल्यामुळे. आपल्या नायिकेचा आत्मा दुसऱ्या कुणाच्या प्रेमावर अवलंबून ठेवायचा नाही, असं अँडरसननं त्या काळात एका पत्रातही लिहिलं होतं.

आता क्रिस्टोकडे येऊ. तिची नायिका लिरा ही सायरनांची राजकन्या. होमरच्या 'ओडिसी'त ज्यांच्या गाण्यानं खलाशी नादावतात, त्या सायरन. दर वाढदिवसाला ती एका राजपुत्राचं हृदय काढून घेते, आणि अशी १७ हृदयं तिनं आपल्या खोलीतल्या वाळूत पुरून ठेवलीत. तिचा शत्रू इलियन, मायडस या सोन्याच्या राज्याचा वारस. पण सिंहासनापेक्षा त्याला जहाज प्रिय, आणि त्याचा धंदा काय, तर सायरनांची शिकार. लिराच्या हातून एका जलपरीचा खून होतो, तेव्हा शिक्षा म्हणून तिची आई, समुद्राची राणी, तिला माणूस करून टाकते. परत यायचं असेल तर इलियनचं हृदय आण, आणि तेही गाण्याच्या मदतीशिवाय. भर समुद्रात तरंगणाऱ्या लिराला पाण्यातून बाहेर काढतो तो इलियनच. मूळ गोष्टीत जलपरी राजपुत्राला वाचवते, इथं उलट.

या उलटापालटी बऱ्याच आहेत आणि वाचताना मजा येते. पण त्यातल्या दोन नुसत्या गमतीच्या नाहीत.

पहिली सुरीची. अँडरसनकडे सुरी येते शेवटच्या दोन पानांत. मारू की नको, हा प्रश्न एका रात्रीचा, खरं तर काही क्षणांचा. क्रिस्टो तोच प्रश्न सुरुवातीला ठेवते आणि कादंबरीभर ताणते. जलपरी पहिल्यापासून सुरी घेऊनच जहाजावर चढली आहे. एक प्रकरण लिराच्या तोंडून, एक इलियनच्या, असं कथन चालतं, त्यामुळे आपल्याला दोघांचे बेत माहीत असतात आणि त्यांना एकमेकांचे नसतात. प्रेमकथेला लागणारा ताण इथून येतो.

दुसरी उलटापालट आम्हाला जास्त मोलाची वाटते. अँडरसनच्या जलपरीचं गाणं आणि बोलणं दोन्ही जातं. लिराचं फक्त गाणं जातं, जीभ शाबूत राहते. आता सायरनचं गाणं म्हणजे काय? ज्यानं ते ऐकलं त्याला स्वतःची इच्छाच उरत नाही. तो हसत हसत मरायला येतो. म्हणजे जन्मभर लिरानं ज्याच्याशी संवाद केला, त्याला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. माणूस झाल्यावर पहिल्यांदा तिला असं बोलावं लागतं की समोरचा ऐकेल किंवा ऐकणार नाही, हसेल, भांडेल, उलट उत्तर देईल. जहाजावरची त्या दोघांची खडाजंगी ही या पुस्तकातली सगळ्यात जिवंत पानं आहेत, आणि त्याचं कारण हे आहे. गाण्यात सत्ता आहे, बोलण्यात धोका आहे, आणि प्रेम धोक्याच्या बाजूला असतं, हे लेखिकेला बरोबर कळलं आहे.

त्यातही एक बारकावा बघा. जुन्या जलपरीला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. लिराला सांगता येतं, पण आपण कोण हे ती बराच काळ सांगत नाही. एकीचं मौन लादलेलं, दुसरीचं निवडलेलं. स्त्रीचं मौन म्हणजे सोसणं, ही आपल्या सवयीची समजूत. इथं ते मौन फसवणूक आहे, डावपेच आहे, आणि त्याची जबाबदारी तिच्यावर येते. जबाबदारी आली की पात्र माणूस होतं.

मग या कादंबरीतला खरा काळोख कुठे आहे? हृदयं उपटण्यात नाही. ते वाचून अंगावर फारसा काटा येत नाही. तो काळोख आई आणि मुलीत आहे. राणी लिराला लहानपणी तिच्या स्वतःच्या मावशीला, क्रेस्टेलला, मारायला लावते. क्रेस्टेलची मुलगी काहलिया ही लिराची जिवाभावाची बहीण. क्रौर्य हा सायरनांचा स्वभाव नाही, तो शिकवलेला आहे, पिढीनं पिढीच्या गळी उतरवलेला आहे. लिरा कठोर आहे कारण कोवळेपणाची शिक्षा तिनं पाहिली आहे. या बहिणींच्या नात्यात आपल्याला अँडरसनच्या त्या केस कापून देणाऱ्या बहिणी आठवतात, आणि वाटतं, लेखिकेनं इथं अजून थांबायला हवं होतं.

ती थांबत नाही, आणि आमची तक्रार इथून सुरू होते. शंभर राज्यं, पागोसचे बर्फाळ डोंगर, तिथं दडवलेला जादूचा डोळा, राजकन्या युकिकोशी सौदा, असा शोधप्रवास मध्यावर खूप जागा खातो. तोही चालेल. पण शेवट पाहा. राणी संपते, लिरा राणी होते, माणसं आणि सायरन यांच्यात समेट होतो, आणि प्रियकरही मिळतो. दोघं आपापलं राज्य, आपापला समुद्र सोडत नाहीत. डिस्नेच्या लग्नापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं. पण त्या १७ हृदयांचं काय? ती कुणाची तरी मुलं होती. आणि इलियननं मारलेल्या सायरन? लिराला अपराधी वाटतं, हे खरं. पण वाटणं आणि भरपाई करणं यांत अंतर आहे. दोन मारेकरी एकमेकांना माफ करतात, आणि ज्यांनी माफ करायला हवं होतं ते मेलेले आहेत.

अँडरसनची जलपरी सुरी फेकते तेव्हा तिला बदल्यात काही मिळणार नाही, हे तिला माहीत असतं. म्हणून त्या नकाराला वजन आहे. लिरा सुरी टाकते आणि तिला सगळंच मिळतं. म्हणून आमचं मत असं की रक्ताचा रंग सोडला तर जुनी गोष्ट या नव्या गोष्टीपेक्षा कितीतरी काळी आहे.

तरीही आम्ही हे पुस्तक वाचा असंच म्हणू. तुमच्यातल्या कुणी विचारेल, जुनं इतकं खोल आहे तर नवं कशाला? याचं उत्तर त्या मखमली उशीत आहे. दाराबाहेर झोपणारी, पाय रक्ताळले तरी नाचणारी, कधीही न बोलणारी मुलगी ही प्रेमाची मूर्ती म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलींना वाचून दाखवली गेली. त्यागाचं सौंदर्य दाखवताना त्या मुलीची जीभ कापली गेली होती, हे आपण भरभर वाचून पुढे गेलो. क्रिस्टोनं ती जीभ परत दिली. त्या जिभेनं लिरा खोटं बोलते, टोमणे मारते, सौदे करते आणि शेवटी खरंही बोलते. तिला किंमत मोजायला लावली असती तर ही मोठी कादंबरी झाली असती. आता ती चांगली कादंबरी आहे, आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या तर जास्त चांगली वाटते.

इथं थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः त्या १७ हृदयांबद्दल.