नारायण यादीत बसत नाही

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवायला सांगितलं की बहुतेकांना विमान आठवतं. मराठवाड्यातल्या खेड्यातली माणसं, त्यांचा विमानप्रवास, आणि ही सगळी माणसं एकट्याच्या अंगात उतरवणारे लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या देशपांड्यांनी या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रं रंगवली. २००९ साली ते गेले. पुढे संदीप पाठक यांनी हाच प्रयोग नव्याने रंगमंचावर आणला. आमच्या पिढीपर्यंत तो आधी कॅसेटवरून आणि मग यूट्यूबवरून पोचला. खेडवळ माणूस आणि गोऱ्यांचा देश यांची गाठ पडल्यावर उडणारी तारांबळ, एवढाच त्यातला विनोद आहे असं समजून आपण हसत आलो.

मला वाटतं, या विनोदाची किल्ली शीर्षकाच्या शेवटच्या शब्दापेक्षा पहिल्या शब्दात जास्त आहे. लग्न साता समुद्रापलीकडे आहे म्हणून वऱ्हाडाचं वऱ्हाडपण कमी होत नाही. रुसवेफुगवे, मानपान, एकमेकांना मारलेल्या हाका, बोलीचा हेल, सगळं सामानासोबत विमानात चढतं. जागा बदलते, गोतावळा तोच राहतो. लंडन परकं आहे खरं, पण हसू येतं ते वऱ्हाड जराही परकं होत नाही म्हणून.

आजच्या परदेशातल्या लग्नाची कल्पना याच्या बरोबर उलटी आहे. जागा लांबची निवडायची, म्हणजे गोतावळा आपोआप मागे राहतो. ‘इंटिमेट डेस्टिनेशन वेडिंग’ हे त्याचं नाव. मराठीत याला अजून शब्द सापडलेला नाही. ‘घरगुती लग्न’ म्हणावं, तर ते घरापासून सहा हजार किलोमीटरहून लांब असतं.

*

या कल्पनेचं आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणजे उत्तर इटलीतलं कोमो तळं. १४ आणि १५ नोव्हेंबर २०१८ रोजी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न तिथल्या व्हिला देल बाल्बियानेल्लोमध्ये झालं. एक दिवस कोंकणी पद्धतीने, एक दिवस सिंधी पद्धतीने. ‘लेक कोमो’ हे नाव तेव्हापासून लालबागच्या ब्यूटी पार्लरमध्येही कानावर पडायला लागलं. लग्नाला निमंत्रित मोजकेच होते. पण १५ तारखेला दोघांनी आपले फोटो प्रसिद्ध केले आणि सगळ्या देशाने ते पाहिले. त्यानंतर बंगळुरूला आणि मुंबईला स्वागत समारंभ झाले. म्हणजे गर्दी कुठे गेलीच नव्हती. विधींच्या वेळी ती बाहेर होती, फोटोंपुरती प्रेक्षक झाली आणि जेवायला नंतर आली.

या व्हिलाचा इतिहासही मजेशीर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका कार्डिनलने तो उभारला. शेवटचे खाजगी मालक ग्वीदो मोन्झिनो हे गिर्यारोहक. १९७३ सालच्या एव्हरेस्टवरच्या इटालियन मोहिमेचे ते नेते. त्यांच्यानंतर ही वास्तू वारसा जपणाऱ्या एका संस्थेकडे गेली. पण माझ्याबरोबर इंजिनियरिंगला असलेल्यांना ती ओळखीची आहे ती ‘स्टार वॉर्स’मुळे. २००२ सालच्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’च्या शेवटी पद्मे आणि अनाकिन चोरून लग्न करतात, ते इथेच चित्रित झालं. तळं, डोंगर, संध्याकाळचा उजेड, आणि पाहुणे म्हणून दोन रोबो.

याहून इंटिमेट लग्न ते कुठलं? फरक इतकाच की त्या गोष्टीत लोक नसण्याला कारण आहे. जेडायला लग्नाची परवानगी नाही, म्हणून ते चोरून करावं लागतं आणि त्या गुपिताची किंमत पुढे सगळ्यांना मोजावी लागते. सिनेमातली ती सक्ती आज हौस झाली आहे. देखावा तोच, प्रकाश तोच, फक्त लपण्याचं कारण गळून पडलंय.

*

हे सगळं मी इतकं बारकाईने पाहतेय, कारण पुढच्या मे महिन्यात माझं लग्न आहे आणि ते कोमोच्या काठी तीस माणसांत करावं असा आम्हा दोघांचा बेत आहे. खर्च हा वेगळा विषय. मला अडवतेय ती यादी.

यादी मी सवयीप्रमाणे शीटमध्ये केली. नाव, नातं, कुणाकडून, पासपोर्ट आहे का, आधी कुठला व्हिसा मिळालाय का, दहा दिवस रजा निघेल का. शेंगेन व्हिसाला जून २०२४ पासून मोठ्या माणसामागे ९० युरो पडतात. बोटांचे ठसे द्यायला जातीने जावं लागतं, बँकेचं स्टेटमेंट जोडावं लागतं. रकाने भरता भरता लक्षात आलं, की मला कुणालाच ‘नाही’ म्हणावं लागत नाहीये. आत्याकडे पासपोर्ट नाही. धाकट्या काकांचे गुडघे चालत नाहीत. मामेभावाला एवढी रजा मिळायची नाही. फिल्टर लावला की बरोबर तीसच्या आसपास नावं उरतात. नकार मी दिलेला नसतोच. तो दूतावास देतो, ऑफिस देतं, गुडघे देतात. लांबच्या तळ्याची खरी सोय ही आहे, आणि ती कुठल्याच पॅकेजच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

एका नावाला तर फिल्टरचीही गरज पडली नाही, कारण ‘नातं’ या रकान्यात काय लिहावं तेच सुचेना. लालबागला आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकू. आई-बाबा दोघंही कामावर असायचे, तेव्हा शाळेतून आले की मी त्यांच्याकडे जेवायचे. चाळ पुनर्विकासात गेली, त्या लेकाकडे राहायला गेल्या, आम्ही परळला आलो. शीटमध्ये त्या ‘शेजारी’ ठरतात, आणि आता तर शेजारीही नाहीत.

*

पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या नारायणाला हाच रकाना भरायला दिला असता, तर त्यालाही तो भरता आला नसता. तो नक्की कुणाचा कोण, याला त्या व्यक्तिचित्रात फारसं महत्त्व नाही. लग्न ठरलं की नारायण हजर असतो. साड्यांच्या खरेदीपासून मांडवापर्यंत सगळीकडे तोच. वरात निघाली की तो मागे उरतो. हे चित्र आपण हसत-खेळत वाचतो आणि शेवटी थोडे हळवे होतो. पण पुलंनी त्यात एक गोष्ट अगदी नेमकी पकडली आहे: नारायणाचं त्या घरातलं स्थान रक्ताने ठरत नाही, कामाने ठरतं. आणि ते काम संपेपर्यंतच टिकतं.

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतली लग्नं या तत्त्वावरच चालायची. पाहुण्यांसाठी शेजारी आपली खोली मोकळी करून द्यायचे. हळद गॅलरीत लागायची, त्यामुळे मजल्यावरचं कुणीच ‘न बोलावलेलं’ राहायचं नाही. पत्रिका छापायला कांदेवाडी, साड्यांना हिंदमाता, फुलांना पहाटेचा दादरचा बाजार, आणि या प्रत्येक फेरीला कुणीतरी सोबत जायचं. जो सोबत गेला तो त्या लग्नातला झाला. नातं आधी आणि निमंत्रण नंतर, असा क्रम त्यात नव्हताच. पिशवी उचलली की नातं सुरू.

डेस्टिनेशन वेडिंगमध्ये ही सगळी कामं प्लॅनर करतो, आणि पैसे घेऊन चोख करतो. पाहुण्याने फक्त दिलेल्या रंगाचे कपडे घालायचे, वेळेवर बोटीत बसायचं आणि आनंदी दिसायचं. त्याला काही कामच उरत नाही. म्हणून तीसच माणसं असूनही तिथे जवळीक वाढायला जागा सापडत नाही. आधीपासून जवळ असलेलीच माणसं निवडून आणावी लागतात. नारायणासारख्यांना त्या लग्नात शिरायला दारच नाही.

*

इथे थांबून दुसरी बाजू मांडायला हवी, नाहीतर हा लेख चाळीच्या आठवणींचा सोहळा होईल. त्या गजबजलेल्या लग्नांत दोनशे माणसांच्या पुऱ्या तळणाऱ्या बायकांना मंगलाष्टकं कधी ऐकू आली नाहीत. मुलीकडच्यांना मान खाली घालून उभं राहावं लागायचं. कर्जं झाली, हुंडे गेले. नारायणालाही कुणी विचारलं नाही, की बाबा, तू जेवलास का. लहान लग्न हवंसं वाटणं यात काहीच गैर नाही, आणि ती हौस इटलीहून आलेलीही नाही.

महाराष्ट्रात लहान लग्नाची स्वतःची परंपरा आहे. पहिलं सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात, भटजीविना आणि अगदी कमी खर्चात झालं. पुढे नोंदणी लग्नं आली. खुद्द नारायणाच्या लेखकाचं लग्न तसंच: १२ जून १९४६ रोजी पु. ल. आणि सुनीताबाईंचं रत्नागिरीला नोंदणी पद्धतीने लग्न झालं. सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’मध्ये त्याची हकिकत लिहिली आहे, खर्च म्हणजे कोऱ्या फॉर्मचे आठ आणे. लग्नघरातल्या गर्दीचं इतकं प्रेमळ चित्र काढणाऱ्या लेखकाने स्वतःच्या लग्नात नारायणाला कामच ठेवलं नव्हतं. यात मला विरोधाभास दिसत नाही. गर्दीची गंमत समजणं वेगळं आणि आपल्यापुरतं तिला नाही म्हणणं वेगळं.

लहान लग्नाची एक सक्तीची आवृत्तीही आपण पाहिली आहे. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती, मोडल्यास ५० हजारांचा दंड. तेव्हा वगळले गेलेले नातेवाईक फारसे रुसले नाहीत, कारण नकार सरकारचा होता. वगळण्याची जबाबदारी तिसऱ्याच कुणावर टाकता येते आणि त्याने नाती मोडत नाहीत, हे आम्ही बहुधा तिथेच शिकलो. कोमोचं तळं आता तेच काम करतं.

सत्यशोधक लग्न आणि नोंदणी लग्न यांना मात्र असा आडोसा नव्हता. ती माणसं त्याच गावात, त्याच गल्लीत राहून ‘नाही’ म्हणाली: पुरोहिताला, हुंड्याला, पंगतींना. कशाला नाही म्हणतोय हे त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच लोकांच्या नजरेला नजर दिली. त्या लग्नांचं लहानपण हे एक विधान होतं. तळ्याकाठच्या लग्नाचं लहानपण कशाबद्दलच काही म्हणत नाही. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्या जोडप्यांची गोष्ट निराळी. त्यांना लांबची जागा खरोखर आसरा असते. आमच्या दोन्ही घरांत असा विरोध नाही. आम्हाला आसरा हवाय तो फक्त अवघड बोलण्यापासून.

*

निमंत्रणाच्या मजकुरातही हा फरक वाचता येतो. जुनी लग्नपत्रिका हा गर्दीचा मजकूर असतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरुवात, खाली आजोबांपासून नातवंडांपर्यंत नावांची उतरंड, कोपऱ्यात ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. बोलावणारे जणू बोलावलेल्यांइतकेच. नवरा-नवरीची नावं ठळक असली तरी वाक्याचा कर्ता घर असतं. मी आमच्या लग्नाच्या संकेतस्थळाचा मसुदा केला, त्यात कर्ते आम्ही दोघंच आहोत. आमची भेट कुठे झाली, मागणी कशी घातली, कोणते कपडे घाला, कुठली फ्लाइट घ्या. आई-बाबांची नावं कुठे घालावीत, हे त्या साच्यात शोधावं लागलं.

आणि कायद्याने पाहिलं तर तळ्याकाठी होणार ते लग्न नव्हेच. इटलीत परदेशी माणसाने कायदेशीर लग्न करायचं तर कागदपत्रांचं जंजाळ मोठं, म्हणून आमच्यासारखी जोडपी इथेच नोंदणी करून जातात. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. म्हणजे खरं लग्न मुंबईतल्या सरकारी कार्यालयात, पंख्याखाली, तीन माणसांसमोर होतं. तिथून पुढे कोमोला होतो तो त्याचा प्रयोग.

प्रयोगच म्हणायचा, तर देशपांड्यांच्या प्रयोगाशी त्याची तुलना करायला हरकत नाही. तिथे रंगमंचावर एक माणूस असतो आणि त्याच्यातून ५२ जण दिसतात. कुणाचं तरी बोट धरलेलं पोर, कुणाची तरी म्हातारी, कुणालाच गाळलेलं नाही. आमच्या वेडिंग फिल्ममध्ये तीस माणसं असतील आणि चौकटीत दोघंच दिसतील.

कोमोचं आगाऊ बुकिंग अजून आमच्या हातात आहे, आणि ते रद्दच करावं असं माझं म्हणणं नाही. पण साक्षीदारांच्या तीन जागांपैकी एकीवर कुणाला बसवायचं हे ठरलंय. शीटमधला ‘नातं’ हा रकाना मी काढून टाकला आहे, आणि आत्या, काका, मामेभाऊ अशी फोन करायच्या माणसांची वेगळी यादी केली आहे. त्यांना पासपोर्टचं कारण सांगायचं नाही. आम्ही लहान लग्न करतोय आणि त्यात तुम्हाला बोलावत नाही, असं सरळ सांगायचं. ते रुसतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. ज्या लग्नावर कुणाला रुसताही येत नाही, त्याला वऱ्हाड नव्हतंच म्हणायचं.